स्क्रीन सगळ्यात शेवटी: प्रॉडक्ट डिझायनरने नो-कोड शिकायचं कसं

नो-कोड साधन, म्हणजे कोड न लिहिता ॲप किंवा वेबसाइट बांधायचं साधन, पहिल्यांदा उघडलं की डिझायनर एक काम हमखास करतो. डावीकडच्या पट्टीतून एक चौकोन ओढतो आणि त्याचे कोपरे गोल करायला घेतो. साहजिक आहे. समोर कॅनव्हास, बाजूला लेअर्स, उजवीकडे रंग आणि पॅडिंग. फिग्मा या डिझाइनच्या साधनात बसल्यासारखंच वाटतं. संध्याकाळपर्यंत सुंदर होम स्क्रीन तयार होते. दुसऱ्या दिवशी त्या स्क्रीनवर खरी यादी दाखवायची वेळ येते, ती यादी येणार कुठून याचं उत्तर कुठेच नसतं, आणि शिकणं तिथेच अडतं. मी ज्युनिअर डिझायनरना हे शिकवते. माझा पहिला नियम ऐकून बहुतेक जण नाराज होतात: सुरुवातीला स्क्रीनला हात लावायचा नाही. आधी माहिती, मग नियम, मग स्क्रीन.

उदाहरण म्हणून मी एकच प्रकल्प शेवटपर्यंत धरणार आहे: युजर रिसर्चच्या मुलाखतींची नोंद. आपल्याशी बोलायला कोण कोण तयार आहे, कुठल्या अभ्यासासाठी कोणाला बोलावलं, मुलाखत ठरली की रद्द झाली, मानधन दिलं की राहिलं. बऱ्याच टीममध्ये हे सगळं कुणाच्या तरी स्प्रेडशीटमध्ये असतं आणि ती स्प्रेडशीट फक्त त्या एकाच माणसाला वाचता येते. शिकण्यासाठी हा विषय उत्तम. यात किमान तीन प्रकारच्या नोंदी आहेत, त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत, तुमच्याशिवाय इतरही लोक त्या वापरणार आहेत, आणि काही बिघडलं तर फार कुणाचं नुकसान होत नाही. तुम्ही दुसरा विषय घेतलात तरी या चार कसोट्या लावून बघा.

पोर्टफोलिओ या कसोट्यांवर नापास होतो, म्हणून पहिला प्रकल्प म्हणून तो नको. तिथे तुम्ही सोडून कोणी माहिती भरत नाही, कोणाला काय दिसावं हा प्रश्न येत नाही. त्यातून मांडणी शिकता येते, पण मांडणी तुम्हाला येतेच. एखाद्या गाजलेल्या ॲपची नक्कलही नको. तिचे नियम तुम्हाला बाहेरून दिसत नाहीत, त्यामुळे तुम्ही पुन्हा चौकोनच काढत बसता.

साधन कोणतं घ्यायचं

यावर आठवडाभर तुलनेचे व्हिडिओ बघणारे लोक मला माहीत आहेत. त्याची गरज नाही. ढोबळपणे चार प्रकार आहेत. वेबफ्लो आणि फ्रेमर पानं बनवतात. एअरटेबल माहिती सांभाळतं, आणि ग्लाइड किंवा सॉफ्टर अशा माहितीवर ॲपचा चेहरा चढवतात. बबल आणि फ्लटरफ्लो यांच्यात पूर्ण ॲप उभं करता येतं. झॅपिअर आणि मेक (२०२२ पर्यंत याचं नाव इंटिग्रोमॅट होतं) एका सेवेतला निरोप दुसऱ्या सेवेत पोचवतात.

माझं मत विचाराल तर सुरुवात एअरटेबलने करा. कारण साधं आहे: तिथे माहिती उघडीवाघडी समोर दिसते. बबल जास्त ताकदवान आहे, पण पहिल्या दिवशी डेटा, वर्कफ्लो, मांडणी आणि प्रायव्हसी हे सगळं एकदम अंगावर येतं, आणि डिझायनर मग मांडणीच्या टॅबमध्ये आसरा घेतो.

ही कल्पना नवी आहे असं मात्र समजू नका. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्कने हिशेबनिसाला प्रोग्रॅमरशिवाय स्वतःची आकडेमोड रचायची सोय दिली. १९८७ मध्ये ॲपलच्या हायपरकार्डने कार्डं, बटणं आणि त्यांना जोडणारी सोपी भाषा दिली, आणि सामान्य माणसांनी त्यात खेळ, सूची, धडे काय काय बनवलं. साधनं येतात आणि जातात. टेबल, नातं आणि नियम तेच राहतात, म्हणून तेच आधी शिकायचं.

माहिती

कागद घ्या. तुमच्या कामाबद्दल चार-पाच वाक्यं लिहा, सहकाऱ्याला सांगाल तशी. ‘चेकआउटच्या अभ्यासासाठी आम्ही काही जणांना बोलावलं. एकीने मुलाखतीची वेळ बदलून मागितली. एक जण आधीच्या अभ्यासातही होता, त्याचं मानधन अजून द्यायचंय.’ आता नामांखाली रेघ मारा. सहभागी, अभ्यास, मुलाखत, वेळ, मानधन. यातलं जे स्वतंत्रपणे असू शकतं त्याचं टेबल होतं. जे कुणाचं तरी असतं ते फील्ड, म्हणजे टेबलातला एक कॉलम. वेळ हवेत नसते, ती मुलाखतीची असते. सहभागी मात्र एकही मुलाखत झाली नसली तरी असतोच.

आता नाती. एक सहभागी अनेक अभ्यासांत असू शकतो आणि एका अभ्यासात अनेक सहभागी असतात. नवखा माणूस इथे सहभागीच्या टेबलात ‘अभ्यास १’, ‘अभ्यास २’, ‘अभ्यास ३’ असे कॉलम करतो. चौथा अभ्यास आला की नवा कॉलम. मग ‘चेकआउटच्या अभ्यासात कोण कोण होतं’ हे शोधायला प्रत्येक कॉलम चाळावा लागतो. दुसरा माणूस थोडा पुढे जातो: सहभागी आणि अभ्यास ही दोन टेबलं करून थेट जोडतो. त्याला एकच प्रश्न विचारा: मानधन कुठे लिहिणार? सहभागीच्या नोंदीत लिहिलं तर कुठल्या अभ्यासाचं ते कळत नाही. अभ्यासाच्या नोंदीत लिहिलं तर कोणाचं ते कळत नाही. उत्तर मधल्या टेबलात आहे. मुलाखत ही एका सहभागीची एका अभ्यासासाठीची भेट. वेळ, स्थिती, मानधन, नोट्सची लिंक हे सगळं तिचं.

असं मधलं टेबल ज्याला स्वतःहून सुचलं त्याला नो-कोडमधला अवघड भाग आला असं मी मानते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये माहिती नात्यांच्या रूपात मांडायचं जे मॉडेल दिलं, त्याच्यावरच आजचे बहुतांश डेटाबेस चालतात. तो शोधनिबंध वाचायची गरज नाही, पण हे टेबलांचं प्रकरण कुठल्या एका कंपनीची लहर नाही एवढं लक्षात राहू द्या.

एअरटेबलमध्ये हे करायला ‘लिंक टू अनदर रेकॉर्ड’ प्रकारचं फील्ड घ्या. मुलाखतीच्या टेबलात सहभागी जोडला की सहभागीच्या टेबलात उलटं फील्ड आपोआप तयार होतं. ते पुसू नका, लगेच त्याला नाव द्या. तीच पुढे ‘या माणसाच्या सगळ्या मुलाखती’ दाखवणारी यादी आहे.

पुढे स्थिती. मुलाखत ठरली, झाली, रद्द झाली, माणूस आलाच नाही. यासाठी चार चेकबॉक्स ठेवायचा मोह होतो. चार चेकबॉक्सच्या १६ जोड्या होतात आणि त्यातल्या फक्त पाचच अर्थपूर्ण असतात: चारपैकी एक, किंवा अजून काहीच नाही. बाकीच्या ११ म्हणजे ‘झाली’ आणि ‘रद्द’ दोन्हीवर टिकमार्क असण्यासारख्या अशक्य नोंदी, आणि त्या कुणीतरी कधीतरी करणारच. म्हणून एकच फील्ड, सिंगल सिलेक्ट, एका वेळी एकच पर्याय. डिझाइन सिस्टिमवर काम केलेल्याला हे पटकन समजतं: बटणाच्या कंपोनंटला ‘होव्हर’ आणि ‘डिसेबल्ड’ अशा दोन वेगळ्या बूलियन (हो किंवा नाही) प्रॉपर्टी दिल्या की दोन्ही चालू असलेलं बटण जन्माला येतं. तोच प्रश्न, तोच उपाय.

मानधन मात्र या स्थितीत घुसवू नका. मुलाखत झाली पण मानधन राहिलं, किंवा आयत्या वेळी आपण रद्द केली म्हणून मानधन दिलं, असं दोन्ही होतं. दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नसतील तर त्यांची फील्डं वेगळी.

जे मोजून काढता येतं ते हाताने लिहू नका, हा पुढचा नियम. एका सहभागीच्या किती मुलाखती झाल्या, शेवटची कधी झाली, हे एअरटेबलमध्ये रोलअप फील्डने निघतं (जोडलेल्या नोंदींवरून ते आकडा काढून देतं). ग्लाइडमध्येही रिलेशन, लुकअप आणि रोलअप नावाचे कॉलम आहेत. त्यावर खरा नियम बसवा: ९० दिवसांच्या आत त्याच माणसाला पुन्हा बोलवायचं नाही. सूत्र सोपं आहे, आजच्या तारखेतून शेवटची तारीख वजा करायची. पण जो माणूस कधीच आला नाही त्याची शेवटची तारीख रिकामी असते, रिकाम्या तारखेवर हिशेब होत नाही, आणि ज्याला बोलवायला काहीच हरकत नाही तोच यादीतून गळतो. म्हणून सूत्राची सुरुवात ‘तारीख रिकामी असेल तर चालेल’ इथून. प्रत्येक सूत्राला हा प्रश्न विचारायची सवय लावा: इथे काहीच नसेल तर?

आणि आता तीसेक नोंदी भरा. भरताना मुद्दाम वाकड्या भरा. तीन शब्दांचं लांबलचक नाव, नुसतं एकच नाव, एकाच नावाच्या दोन व्यक्ती (म्हणून ओळख नावावर ठेवायची नाही), ईमेल नसलेला सहभागी, दोनदा रद्द होऊन तिसऱ्यांदा झालेली मुलाखत. आपल्या मॉकअपमधली माणसं फार समजूतदार असतात. सगळ्यांची नावं एका ओळीत मावतात. ती सवय इथे मोडते.

नियम

टेबलं झाली की ऑटोमेशन, म्हणजे साधन आपोआप करेल ती कामं. साधन उघडण्याआधी नियम एका वाक्यात लिहा, आणि ते वाक्य ‘जेव्हा… आणि जर… तर…’ या साच्यात बसलं पाहिजे. ‘जेव्हा मुलाखतीची स्थिती “ठरली” होईल, आणि जर सहभागीचा ईमेल असेल, तर त्याला वेळेचा मेल जाईल.’ जेव्हा म्हणजे ट्रिगर, जर म्हणजे कंडिशन, तर म्हणजे ॲक्शन. झॅपिअर असो, मेक असो की बबलचा वर्कफ्लो, रचना हीच. वाक्य लिहिता येत नसेल तर नियम अजून ठरलेला नाही; मग साधनात तासभर खटपट करूनही तो ठरणार नाही.

इथे काही ठरावीक खड्डे आहेत.

पहिला ‘नवी नोंद तयार झाली की’ या ट्रिगरचा. एअरटेबलमध्ये ग्रिडमध्ये नवी ओळ आली त्याच क्षणी नोंद तयार झालेली असते. नाव, ईमेल, वेळ सगळं अजून रिकामं. ऑटोमेशन धावतं आणि रिकाम्या पत्त्यावर मेल पाठवायला जातं. त्याऐवजी ‘नोंद या अटींत बसली की’ किंवा ‘फॉर्म भरला की’ हा ट्रिगर घ्या. अटींच्या ट्रिगरचीही खोड आहे: ऑटोमेशन सुरू करायच्या आधीपासून अटीत बसलेल्या नोंदींसाठी तो चालत नाही. नोंद अटीबाहेरून अटीत आली पाहिजे.

दुसरा खड्डा त्यातूनच येतो. मुलाखत ठरली, रद्द झाली, पुन्हा ठरली. नोंद अटीत दुसऱ्यांदा आली, मेल दुसऱ्यांदा गेला. हे हवं की नको हा डिझाइनचा प्रश्न आहे, साधनाचा नाही. नको असेल तर ‘मेल पाठवल्याची वेळ’ असं एक फील्ड ठेवा, मेल गेल्यावर ते भरा, आणि अटीत ‘हे रिकामं असेल तरच’ जोडा.

तिसरा म्हणजे स्वतःच्याच शेपटीमागे धावणारं ऑटोमेशन. नोंद बदलली की चालतं, आणि चालल्यावर तीच नोंद बदलतं, म्हणून पुन्हा चालतं. बहुतेक साधनं ऑटोमेशन किती वेळा किंवा किती पायऱ्या चाललं या हिशेबाने मर्यादा घालतात, त्यामुळे असं चक्र महिन्याचा कोटा बघता बघता संपवतं. ट्रिगर नेहमी ठरावीक फील्डपुरता ठेवा.

आणखी एक, डिझायनरने खास लक्षात ठेवायचं: झॅपिअरचे काही ट्रिगर तत्काळ चालतात, काही ठरावीक वेळाने जाऊन ‘नवीन काही आहे का’ असं विचारतात. दुसऱ्या प्रकारात काही मिनिटं जातात. म्हणजे फॉर्म भरल्यावरच्या स्क्रीनवर ‘मेल पाठवला आहे’ लिहिलंत तर ते खोटं ठरतं. ‘थोड्या वेळात मेल येईल’ लिहा. फिग्मातल्या प्रोटोटाइपमध्ये बाण ओढला की पुढची स्क्रीन येते, मध्ये वेळ नावाची चीजच नसते. इथे ती भेटते.

काही चाललं नाही तर रन हिस्टरी उघडा. प्रत्येक पायरीत काय आत गेलं आणि काय बाहेर आलं ते तिथे लिहिलेलं असतं. अंदाजाने तीन ठिकाणी बदल करण्यापेक्षा ती नोंद शांतपणे वाचा. हे कौशल्य कुठल्याही साधनात उपयोगी पडतं आणि शिकवण्यांमध्ये याला फार कमी वेळ दिलेला असतो.

आता स्क्रीन

इथे तुम्ही घरचे आहात, म्हणून भराभर जाते.

फिग्माचं ऑटो लेआउट नीट वापरत असाल तर वेबफ्लो आणि बबलची मांडणी अर्धी येतेच, कारण मुळात कल्पना सीएसएसच्या (वेबपानाचं दिसणं ठरवणारी भाषा) फ्लेक्सबॉक्सची आहे. ‘हग’ (आतल्या मजकुराएवढं), ‘फिल’ (मिळेल तेवढी जागा) आणि ठरावीक रुंदी यांतला फरक माहीत असेल तर बरं. नसेल तर आधी फिग्मातच तो पक्का करा. ॲबसोल्यूट पोझिशन, म्हणजे हाताने नेमून दिलेली जागा, मात्र विसरा. ओढलं आणि ठेवलं, दिसलं छान, आणि लांब नावाची नोंद आली की सगळं एकमेकांवर चढलं.

वेबफ्लोत क्लास समजून घ्यायला वेळ द्या. तिथे तुम्ही एका बटणाला रंग देत नाही, त्या क्लासच्या सगळ्या बटणांना देता. नावं दिसण्यावरून ठेवू नका. ‘निळं-बटण’ उद्या हिरवं होईल. ब्रेकपॉइंटचाही (स्क्रीनच्या ज्या रुंदीला मांडणी बदलते तो टप्पा) एक स्वभाव आहे: डेस्कटॉप हा पाया, तिथला बदल ९९१ आणि ७६७ पिक्सेलच्या टप्प्यांवरून खाली झिरपत जातो, आणि मोबाइलवर केलेला बदल वर चढत नाही. म्हणून आधी डेस्कटॉप पूर्ण करा, मग खाली या. मोबाइल-फर्स्ट काम करणाऱ्यांना हे उलटं वाटतं, पण साधनाच्या प्रवाहाविरुद्ध पोहण्यात अर्थ नाही.

मजकूर देवनागरी असेल तर ओळींमधलं अंतर इंग्रजीसाठी ठरवलेलं ठेवू नका. वरच्या मात्रा आणि खालचे उकार कापले जातात, आणि टेम्पलेटमधल्या फॉन्टात देवनागरी नसेल तर ब्राउझर स्वतःच्या मर्जीचा फॉन्ट घालतो. ओळीची उंची १.५ च्या आसपास ठेवून बघा आणि जोडाक्षरं असलेली खरी नावं टाकून तपासा.

मग अवस्था. एकही मुलाखत नसलेला अभ्यास कसा दिसतो? माहिती येतेय तोवर काय? फॉर्ममध्ये चुकीचा ईमेल टाकला तर? परवानगी नसलेल्या माणसाने लिंक उघडली तर? डिझाइन रिव्ह्यूत आपण याबद्दल बोलतो आणि निम्म्या वेळा ‘नंतर बघू’ म्हणून सोडतो. इथे तुम्ही सोडलंत तरी साधन सोडत नाही. ते स्वतःची एक करडी, इंग्रजी चूक-सूचना दाखवून मोकळं होतं.

शेवटी माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कीने अख्खा फॉर्म भरून बघा. नो-कोडमध्ये कुठल्याही चौकोनाला क्लिक लावता येतो, पण चौकोन हा बटण नसतो. कीबोर्ड आणि स्क्रीन रीडरच्या लेखी बटण म्हणून तो अस्तित्वातच नसतो. जे दाबायचं आहे त्यासाठी खरं बटण किंवा लिंकच वापरा. मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हा आकडा तुम्हाला पाठ असेलच.

कोणाला काय दिसतं

या भागावर मी सगळ्यात जास्त कडक असते. आपल्या प्रकल्पात पुढे खऱ्या माणसांचे ईमेल आणि फोन नंबर येणार आहेत. डिझायनरची सवय अशी की जे दिसू नये ते लपवलं की काम झालं. लपवणं म्हणजे संरक्षण नव्हे. एअरटेबलमध्ये व्ह्यूमधून फील्ड लपवलं तरी बेसमध्ये (सगळी टेबलं असलेल्या फाइलमध्ये) प्रवेश असलेला सहकारी ते पाहू शकतो. बबलमध्ये एलिमेंट अदृश्य केलं तरी माहिती ब्राउझरपर्यंत पोचलेली असू शकते आणि जाणकार माणूस ती वाचू शकतो. अडवायचं असेल तर प्रायव्हसी रूल्स लिहावे लागतात, ते सर्व्हरवर लागू होतात. स्वतः तपासा: दुसरं खातं उघडा, सर्वात कमी अधिकार द्या, आणि शोधता येईल तितकं शोधा.

सहभागीने ‘माझी माहिती काढून टाका’ म्हटलं तर काय, हेही आधीच ठरवा. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्यात हा हक्क आहे, आणि कायदा लागू नसला तरी मागणी रास्तच आहे. सहभागीची नोंद पुसली की त्याच्या मुलाखती कोणाच्याच नसलेल्या राहतात. मुलाखतही पुसायची, की नाव काढून निष्कर्ष ठेवायचे? नोट्समध्ये त्याचं नाव लिहिलेलं असेल तर? बटण काढायला दोन मिनिटं लागतात, हे ठरवायला टीमची अख्खी बैठक.

म्हणून शिकताना खरी नावं-नंबर वापरू नका. वाकड्या नोंदी बनवा, पण बनावट.

शिकण्याची पद्धत

व्हिडिओ बघत बघत बरोबर करत गेलं की हात शिकतात, डोकं नाही. एकदा बघा, बंद करा, आणि तेच आपल्या प्रकल्पात आठवून करा. अडलात तर परत बघा; जिथे अडलात तीच जागा शिकायची होती. वेबफ्लो युनिव्हर्सिटीचे धडे या कामाला चांगले आहेत, आणि वेबफ्लोत इतरांनी क्लोन करण्यासाठी खुली ठेवलेली कामं मिळतात. एक घ्या, त्यातला एक क्लास पुसा, काय काय कोसळतं ते बघा.

पहिला प्रकल्प टीमने खरोखर वापरायला लागल्यावर तोच प्रकल्प दुसऱ्या साधनात पुन्हा बांधा. नवा विषय नको. एअरटेबल आणि सॉफ्टरमध्ये केलेलं बबलमध्ये करा. तीच तीन टेबलं, तोच ९० दिवसांचा नियम. कुठली कल्पना सगळीकडे सारखी आहे आणि कुठली त्या साधनाची खोड आहे हे तेव्हा आपोआप वेगळं होतं. तिसऱ्या साधनाची भीती त्यानंतर राहत नाही.

त्याच टप्प्यावर एपीआयशी, म्हणजे एका सेवेने दुसरीशी बोलायच्या दाराशी, ओळख करून घ्या. मेकमध्ये वेबहुक (निरोप घेणारा पत्ता) बनवा, फॉर्ममधून त्याला निरोप पाठवा, आणि आलेला जेसन (माहिती मजकुरात लिहायचा साचा) उघडून वाचा. कंसांचं जंजाळ वाटेल, पण नीट बघितलं तर तुमच्याच टेबलाची एक ओळ आहे. चुकांचे आकडे ओळखू येऊ द्या: ४०१ म्हणजे तुमची किल्ली चुकीची, ४०४ म्हणजे पत्ता चुकीचा, ४२९ म्हणजे तुम्ही फार भराभर विचारताय. एअरटेबल एका बेसला सेकंदाला पाचच विनंत्या घेतं, त्यामुळे हा शेवटचा आकडा लवकरच भेटेल. डेव्हलपर ‘रेट लिमिट आहे’ म्हणतो तेव्हा तो टाळाटाळ करत नसतो हेही तेव्हा कळतं.

वाक्य लिहिलं की ॲप उभं करून देणाऱ्या एआय साधनांबद्दल विचारलं जातं. वापरा की. पण त्यांनी बनवलेली टेबलं उघडून बघा. मधलं टेबल आहे का? स्थिती एका फील्डमध्ये आहे की चार चेकबॉक्समध्ये? परवानग्या कुठे लिहिल्यात? हे वाचता येत नसेल तर तुमच्या हातात पुन्हा एक देखणी होम स्क्रीनच आहे, फक्त लवकर मिळालेली.

बाहेर पडायचा रस्ता

काहीही गंभीर बांधण्याआधी बघा की यातून निघता येईल का. गूगलने ॲप मेकर जानेवारी २०२१ मध्ये बंद केलं. ॲमेझॉनचं हनीकोड २०२० मध्ये आलं आणि २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद झालं. मोठं नाव पाठीशी असणं ही हमी नाही. वेबफ्लो एचटीएमएल आणि सीएसएस बाहेर काढू देतं, पण सीएमएसमधला (साठवून ठेवलेल्या नोंदींचा) मजकूर त्या कोडबरोबर येत नाही, तो सीएसव्हीत (साध्या तक्त्याच्या फाइलमध्ये) वेगळा काढावा लागतो. फ्लटरफ्लोतून फ्लटरचा कोड मिळतो. बबल कोड देत नाही. माहिती बाहेर येते, ॲप येत नाही. यामुळे बबल वाईट ठरत नाही, फक्त तिथे काय ठेवायचं ते समजून ठेवा. टेबलांचा कागदावरचा आराखडा आणि ‘जेव्हा-जर-तर’ची वाक्यं एका दस्तऐवजात जपून ठेवा. साधन बंद पडलं किंवा काम डेव्हलपरकडे गेलं तर उपयोगी पडणारा भाग तोच आहे.

डेव्हलपरकडे काम देताना नो-कोडचं ॲप दाखवून ‘हेच बनवा’ म्हणू नका. तो आराखडा द्या, आणि वापरताना कळलेल्या गोष्टी सांगा: लोक मुलाखत रद्द करण्याऐवजी वेळ बदलतात, मानधनाची यादी महिन्याच्या शेवटीच उघडली जाते, तिसरा फिल्टर कोणी वापरत नाही. पोर्टफोलिओतही हेच मांडा. सहा सुंदर स्क्रीन सगळेच लावतात. मी मुलाखत घेते तेव्हा तीन टेबलांची आकृती, एक नियम आणि तो नियम कुठल्या वाकड्या नोंदीमुळे बदलावा लागला एवढं दाखवणाऱ्या माणसाशी जास्त वेळ बोलते.